धुक्यातली खाट

माझी थोरली बहीण जन्मभर पाण्यात वावरली, आणि मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी तिचं पाणी तोडलं. 'तोडलं' हा आमच्या नर्सरीतला शब्द. विकायला काढलेल्या रोपांचं पाणी आम्ही थोडे दिवस कमी करतो, म्हणजे ती जरा काटक होतात आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन मान टाकत नाहीत. डॉक्टरीणबाई अर्थात असलं काही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, द्रवपदार्थांवर मर्यादा ठेवा. बाहेर आल्यावर ताईच मला म्हणाली, "म्हणजे माझं पाणी तोडलं म्हण की. आता मला विकायला काढणार वाटतं." मी म्हटलं, "तुला घेतंय कोण?" आणि आम्ही दोघी त्या हॉस्पिटलच्या जिन्यात हसत सुटलो. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, मागून फाइल छातीशी धरून उतरत होते. त्यांना काही हसू आलं नाही.

ती लहानपणापासून तशीच. नळ दिसला की हिचा हात त्याखाली गेलाच. भांडी घासायला कुणी नको म्हणायचं, तर ही आपणहून बसायची, आणि उठायची ती गुडघ्यापर्यंत भिजून. वडील तिला बेडकी म्हणायचे. मी तिच्याहून बरीच धाकटी. मला ते ठिणगी म्हणायचे, कारण माझं डोकं कधी फिरेल याचा नेम नसायचा. तो अजूनही नाही. बेडकीचं लग्न झालं तेही रोपवाल्याशी. भावोजींची गावाच्या कडेला नर्सरी, पुढे काउंटर, मागे कुंड्यांच्या रांगा, आणि रांगांच्या मागे दोन खोल्यांचं घर. मी लग्नबिग्न केलं नाही. माझ्याशी कोण करणार, असं मीच म्हणून टाकते, म्हणजे दुसऱ्यांना म्हणायचे कष्ट नकोत. वडील गेल्यावर ताईने मला बोलावून घेतलं आणि काउंटरवर बसवलं. गोड बोलणं माझ्या रक्तात नाही, पण माल चोख असला की लोक चार शब्द ऐकून घेऊनही परत येतात.

आणि माल चोख होता तो ताईमुळे. नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात जाड प्लास्टिकची एक शेड आहे. आत डोक्यावरून नळ्या फिरवल्यात, नळ्यांना बारीक तोट्या. थोड्या थोड्या वेळाने त्यांतून फुस्स करून फवारा सुटतो, इतका बारीक की पाणी खाली पडतच नाही, नुसतं तरंगत राहतं. आम्ही त्या शेडला धुकं म्हणतो. ताई कुठे? धुक्यात. जेवली का? नाही, अजून धुक्यात आहे. संध्याकाळी ती बाहेर यायची तेव्हा तिच्या बोटांची टोकं पांढरीफटक आणि सुरकुतलेली असायची, आणि केसांवर थेंब. त्याच हातांनी ती माझ्या गालाला हात लावायची, मुद्दाम, कारण मला गार लागतं.

धुक्यात काड्या लावायच्या. चांगल्या झाडाची कोवळी फांदी पानांसकट कापून रेतीत खोचायची आणि मुळं फुटायची वाट बघायची. आता बघा, काडीला मुळं नाहीत. रेतीत कितीही पाणी ओता, ती पिणार कशाने? आणि पानं तर पाणी टाकतच असतात. शाळेत आम्हाला त्यासाठी एक दातखीळ बसवणारा शब्द होता, बाष्पोत्सर्जन, आणि तो चुकला की बाई पट्टी मारायच्या. ताईच्या तोंडी तो कधी सरळ बसला नाही. ती सांगायची, "झाड घाम गाळतं, आणि घामावरच जगतं." खोटं वाटलं कुणाला तर ती सकाळी एखाद्या कुंडीतल्या फांदीला पारदर्शक पिशवी बांधून ठेवायची. दुपारी पिशवीला आतून थेंबच थेंब. पानाच्या पाठीला बारीक तोंडं असतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ती उघडली की पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि वरचं गेलं म्हणून खालून मुळं नवं ओढतात. झाड जेवढं पितं त्यातलं जवळजवळ सगळं असं हवेत सोडून देतं, स्वतःपुरतं ठेवतं ते अगदी चिमूटभर. मी म्हणायचे, नसती उठाठेव, प्यायचं कशाला आणि सोडायचं कशाला. ताई म्हणायची, "सोडलंच नाही तर वर चढेल कसं गं?"

काडीला मात्र ही चैन परवडत नाही. पिणं बंद आणि सोडणं चालू, म्हणजे दुपारपर्यंत खेळ खलास. म्हणून ताई कात्रीने तिची पानं अर्धी अर्धी कापायची आणि तिला धुक्यात ठेवायची. तिथली हवा इतकी ओली की पानातलं पाणी बाहेर पडायला धजतच नाही. मूळ फुटेपर्यंत काडी तशीच, हिरवीगार, न पिता. पहाटे पान ताठ दिसलं की भावोजी म्हणायचे, "धरलं." एवढंच. त्या एका शब्दावर आमचं घर चालायचं.

तिच्या रक्तदाबाने तिची मूत्रपिंडं आतल्या आत कधी खाल्ली, ते कुणालाच कळलं नाही. पाय सुजले तेव्हा आम्ही म्हटलं, ओल्यात उभी राहते म्हणून. दम लागला तेव्हा म्हटलं, वय झालं. कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. माझं मूत्रपिंड देते म्हटलं तर ते जुळलं नाही. मी डॉक्टरीणबाईंशीच भांडले, जुळत नाही म्हणजे काय, सख्खी बहीण आहे ती माझी. भावोजींना साखरेचा आजार, त्यांचं चालणारच नव्हतं. मग उरलं ते मशीन. एक दिवसाआड जायचं, हातात सुया टोचून घ्यायच्या, रक्त बाहेर, धुऊन परत आत, आणि अंगात साठलेलं पाणी मशीन काढून घेणार. लघवी जवळजवळ बंदच झालेली. डॉक्टरीणबाईंनी पाण्याची एक लहान बाटली टेबलावर ठेवून सांगितलं, "दिवसाला एवढंच. चहा, दूध, रस्सा, गोळीबरोबरचा घोट, सगळं यातच धरायचं. यापुढे जे प्याल ते आत साठेल, आधी पायात आणि मग छातीत."

घरी आल्यावर पहारेकरी कोण, तर मी. भावोजींच्याने ते होणार नव्हतं. कोमेजलेलं रोप दिसलं की हातातलं काम टाकून धावणारा माणूस तो, बायकोला पाणी नाही कसं म्हणेल? म्हणून बाटली माझ्या ताब्यात. ताई मला कधी जेलर म्हणायची, कधी सासूबाई. "सासूबाई, एक घोट मिळेल का?" मी म्हणायचे, "आत्ताच दिला होता." "तो आवंढ्यातच गेला." अशी आमची थट्टा चालायची. पण तहान थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही. तिची जीभ टाळूला चिकटायची. बोलताना शब्दाचा चिकट आवाज यायचा. मी रोपांना पाइपने पाणी द्यायला लागले की ती उठून आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. दिवसभर काउंटरवर लोक मला विचारत, या झाडाला पाणी किती घालायचं हो, आणि मी म्हणायचे, कमी घाला, जास्त पाण्यानेच मरतात झाडं. आधीही मी हेच सांगत आले होते. आता सांगता सांगता मी त्या गिऱ्हाइकावरच खेकसायचे.

एकदा तिने थट्टा केली नाही. दुपारी मी तिच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसत होते, तर तिने ते फडकं दातांत धरलं आणि सोडेना. "थोडं दे ना गं," म्हणाली. लहान मुलीसारखं. मी नाही म्हटलं. फडकं ओढून काढलं तिच्या दातांतून. लहानपणी मला ताप आला की जिने रात्र रात्र कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तिच्या तोंडातून मी ओलं फडकं ओढून काढलं. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले, आणि नळाचा आवाज तिला ऐकू जाईल म्हणून तोही बंद केला.

भावोजींनी तिच्यासमोर पाणी पिणं सोडलं होतं. मी एकदा खताच्या ढिगामागे गेले तर हा गृहस्थ तिथे पाठ करून उभा, तांब्या तोंडाला लावून. मला बघून दचकले. मी म्हटलं, "भावोजी, लोक दारू अशी पितात." ते म्हणाले, "तिला सांगू नकोस." आता नवरा पाणी पितो ही काय बायकोपासून लपवायची गोष्ट झाली? पण त्यांचा चेहरा बघून मी तशीच मागे फिरले.

मग तो मोठा उन्हाळा आला. पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापायची. ताईची बाटली दुपारीच संपायची आणि संध्याकाळ खायला उठायची. अशाच एका दुपारी भावोजी धुक्यातून बाहेर आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तिला आत बसवू या." मी म्हटलं, "कुठे आत?" "धुक्यात. ऊन तिचं पाणी ओढून घेतंय. काडीचं काय करतो आपण? पाजता येत नाही म्हणून तिचं बाहेर जाणारं राखतो. हिलाही पाजता येत नाही. निदान जातंय ते तरी राखू."

मला ते इतकं पटलं की आधी का सुचलं नाही म्हणून मी स्वतःचंच डोकं धरलं. धंद्यातली गोष्ट होती, आमच्या हातातली. हॉस्पिटलच्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदाच आम्हाला काहीतरी येत होतं.

आम्ही धुक्यात खाट टाकली. वरून थेंब पडू नयेत म्हणून खाटेवर प्लास्टिकचा कागद ताणून बांधला. ताई आत आली, खाटेवर बसली, नाक वर करून तिने तो ओला मातीचा वास घेतला, आणि कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आले. "घरी आले बाई," म्हणाली.

पहिल्याच दिवशी तिची बाटली संध्याकाळी उरली. मी उलटसुलट करून बघितली, विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशीही उरली. जीभ ओली राहायला लागली, बोलणं मोकळं झालं. खाटेवर बसल्या बसल्या ती कात्री मागायची आणि काड्यांची पानं कापायची, भावोजींना सूचना द्यायची, अहो ती रांग दाट झालीय, अहो तिकडची तोटी तुंबलीय. भावोजी हो हो करत फिरायचे. आम्ही सकाळी तिला आत नेत होतो आणि दिवेलागणीला बाहेर काढत होतो. आणि तिचा चेहरा भरला. खरंच भरला. गालांवरच्या सुरकुत्या गेल्या, डोळ्यांखालचे खड्डे बुजले, कातडी तुकतुकीत झाली. नेहमीच्या एक मास्तरीणबाई येतात गुलाब न्यायला, त्या म्हणाल्या, "काय हो, दहा वर्षांनी लहान दिसायला लागलात." आमची नजर ही जन्मभर पानं बघून तयार झालेली. पान भरलं, ताठ झालं, चकाकलं, म्हणजे बरं चाललंय. भावोजींनी एका सकाळी तिच्या गालाला बोट लावलं आणि हळूच म्हणाले, "धरलं." तिने लाजून त्यांचा हात बाजूला केला. मी त्या वेळी तिथून निघून गेले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायला आवडत नाही.

मशीनच्या दिवशी सुया लावण्याआधी वजन करतात. तिथल्या लोकांचा एक शब्द आहे, कोरडं वजन. सगळं जादा पाणी काढून घेतल्यावर माणूस जेवढा उरतो, ते त्याचं कोरडं वजन. ताई म्हणायची, "म्हणजे मी विकायला कुंडीसकट नाही, माती झाडून नुसत्या मुळांवर." त्या आठवड्यात तिचं वजन कोरड्या वजनाच्या फारच वर गेलेलं निघालं. मशीन लावणारा माणूस, टक्कल पडलेला, मवाळ बोलणारा, म्हणाला, "ताई, पाणी जास्त होतंय." ताई म्हणाली, "बाटलीसुद्धा संपत नाही हो माझी." त्याने माझ्याकडे बघितलं. रोज खोटं ऐकणारा माणूस जसा बघतो तसं. पुढच्या वेळी वजन आणखी वर. त्याच्या पुढच्या वेळी त्याने आम्हाला स्पष्टच सांगितलं की घरात कुणीतरी दया दाखवतंय, आणि ती दया तिला मारेल.

घरी येताच मी भावोजींना धरलं. माझा तोल सुटला होता. म्हटलं, "तुम्हीच. तुम्हीच देताय चोरून. तुमचा जीव कुठे घट्ट आहे?" ते म्हणाले, "तिची शपथ." मी म्हटलं, "शपथा नकोत, खरं सांगा." तर ते उलट माझ्यावर आले, आयुष्यात पहिल्यांदा. "बाटली तुझ्या ताब्यात असते, माझ्या नाही. बहिणीची माया तुला आवरली नसेल." मी म्हटलं, "माया? मी तिच्या तोंडातलं फडकं काढून घेतलंय." आम्ही अंगणात कुंड्यांच्या मध्ये उभे राहून एकमेकांवर ओरडत होतो. ताई दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "भांडू नका. मी प्यायले असते तर निदान चव तरी कळली असती."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पुन्हा धुक्यात नेलं. का नाही नेणार? तेवढीच एक गोष्ट होती जी तिला मानवत होती.

दुपारी मी तिला बघायला गेले तर ती खाटेवर ताठ बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड उघडं. छातीतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. आडवी व्हायला तयार नव्हती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. रोपं पोचवायच्या टेंपोत कुंड्या बाजूला सारून आम्ही तिला बसवलं, मी मागून तिला धरलं आणि भावोजींनी गाडी अशी हाकली की माझ्या पायावर जास्वंदीची कुंडी फुटली. ती रस्ताभर माझा हात दाबत होती. बोलायला श्वास नव्हता.

तातडीने मशीन लावलं. बऱ्याच वेळाने श्वास जरा खाली बसला. तेव्हा तो टकलू बाहेर आमच्याजवळ आला. ताईच्या केसांकडे त्याचं लक्ष गेलं असावं. म्हणाला, "यांचे केस ओले कसे? अंघोळीतून आणलं का?" भावोजी म्हणाले, "नाही, धुक्यात असते ती." मग त्याला सगळं सांगावं लागलं. शेड, तोट्या, खाट. तो ऐकत राहिला. मग विचारलं, "तिथे यांना घाम येतो?"

"नाही," भावोजी म्हणाले. अजून त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "एक थेंब नाही. म्हणून तर तहान लागत नाही."

तो मवाळ माणूस बाकावर आमच्या शेजारी बसला. "अहो, लघवी बंद आहे यांची. पाणी बाहेर जायला माणसाला उरतं काय मग? घाम, कातडी आणि श्वास. बाटलीचा हिशेब त्यावरच बसवलेला असतो. तुम्ही तोच रस्ता बुजवलात." मग आमची तोंडं बघून म्हणाला, "तेवढ्यानेच झालं असं नाही. हृदयही दमलंय त्यांचं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत."

मला कळायला एक क्षण लागला आणि मग सगळंच कळलं. काडीचं पिणं बंद असतं आणि सोडणं चालू. ताईचं पिणं चालू होतं, सोडणं बंद. आम्ही बरोबर उलटी गोष्ट केली होती, आणि किती निगुतीने केली होती. तो भरलेला चेहरा म्हणजे सूज होती. मास्तरीणबाई, मी, भावोजी, आम्ही सगळ्यांनी सुजेचं कौतुक केलं होतं. मला रागाचा झटका यायला हवा होता, तो आला नाही. कुणावर रागवायचं? भावोजी भिंतीकडे बघत म्हणाले, "मी तिला काडीसारखं ठेवलं." आणि पुन्हा, "काडीसारखं ठेवलं गं मी तिला." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्याआधी कधी ठेवला नव्हता.

धुक्यातली खाट त्याच दिवशी बाहेर आली. त्यानंतर आम्ही तिला अंगणात सावलीच्या कडेला बसवायचो, गरम वाऱ्यात, तिला घाम यावा म्हणून. तहान परत आली, दुपटीने आली. ती डोळे मिटून बसायची आणि मी तिच्या कपाळाकडे बघत बसायचे, थेंब दिसतो का. दिसला की बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाज वाटायची. घोटभर द्यावं तर छाती भरते, न द्यावं तर ती डोळ्यांदेखत सुकते. काय केलं म्हणजे तिला सुख होईल ते आता आम्हा दोघांपैकी कुणालाच कळत नव्हतं. भावोजी धुक्यात जायचे ते तोट्या बघायला आणि लगेच बाहेर यायचे. त्या खेपेच्या निम्म्या काड्या गेल्या. ताईने विचारलं तर मी सांगितलं, सगळ्या छान आहेत.

हृदय मात्र ऐकेना. मशीन लावलं की तिचा रक्तदाब कोसळायचा, डोळे फिरायचे, आणि अर्ध्यावर थांबवावं लागायचं. एकदा, दोनदा, मग दर वेळी. एका सकाळी असंच थांबवल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. चांगल्या बाई. सरळ आणि हळू बोलतात.

"मशीन आता त्यांना झेपत नाही," त्या म्हणाल्या. "यापुढे लावण्यात नुसता त्रासच आहे. आपण ते थांबवू या. त्यांना घरी न्या. आणि आता ते बाटलीचं बंधन ठेवू नका. मागतील ते द्या."

"पाणी?" भावोजींनी विचारलं.

"पाणीसुद्धा."

"किती?"

"हवं तेवढं."

भावोजींनी डॉक्टरीणबाईंसमोर हात जोडले. त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की मला बघवेना. आमच्या धंद्यात तोडलेलं पाणी पुन्हा सुरू करतात ते रोप तगलं म्हणूनच. त्यांनी तेवढंच ऐकलं होतं, मशीन बंद आणि पाणी चालू. "मी म्हणत नव्हतो का?" ते मला म्हणाले आणि जवळजवळ धावतच गेले. डॉक्टरीणबाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या आणि मग माझ्याकडे. "त्यांना समजलं ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

मी खोलीत पोचले तोवर भावोजींनी कुठूनसा जग मिळवला होता, काठोकाठ भरलेला, आणि काचेचा ग्लास. ताईला उशांना टेकवून बसवलं होतं. "घे," ते म्हणत होते. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, हवं तेवढं. मशीन पण नको आता. सुटलीस तू." ताईने ग्लासकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. माझं तोंड तिच्यापासून काही लपवण्याइतकं शहाणं कधीच नव्हतं. तिला कळलं. तिने ग्लास दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून सगळा प्यायली, सावकाश, मध्ये न थांबता. मग दुसरा प्यायली. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि मी ते पुसलं नाही. जग रिकामा व्हायच्या आत भावोजी तो घेऊन निघाले, आणखी गार आणतो म्हणून.

ते बाहेर पडल्यावर तिने माझं मनगट धरलं. "आज सांगू नकोस त्यांना," म्हणाली.

"उद्या विचारतील ना ताई."

"उद्या सांग. आज राहू दे."

मी हो म्हटलं. आयुष्यभर जे तोंडात आलं ते बोलून मोकळी झालेली मी, तिथे पलंगाच्या कडेला गप्प बसून राहिले. भावोजी आले, जग हिंदकळत, बाहीपर्यंत भिजलेले, म्हणाले, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बर्फ घालून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यांनी ग्लास भरला आणि तिच्यापुढे धरला. तिचं पोट भरलं होतं. श्वास पुन्हा वर लागायला लागला होता, ते मला दिसत होतं आणि तिलाही ठाऊक होतं. पण ते ग्लास धरून हसत उभे होते, म्हणून तिने तोंड उघडलं आणि तोही ग्लास प्यायली.